तोंडाचा कोन

कळंब्याचं पाणी उतरलं होतं.
सांडव्याच्या दगडांवर वाळल्या शेवाळाची एक रेघ,
तिच्याखाली आणखी एक,
आणि त्याच्याही खाली सुबराव भोई,
गुडघाभर चिखलात, खांद्यावर जाळं.

मी काठावर, मांडीवर लाकडी फळी,
फळीला ठोकलेली स्टीलची पट्टी, हातात व्हर्नियर,
आणि हेरवाडे मॅडमनी आखून दिलेली वही :
एकूण लांबी, डोक्याची लांबी, डोळ्याचा व्यास,
मुस्कटापासून पाठीच्या पराचं अंतर.
नावासाठी तीनच रकाने.

कटला. अंगापेक्षा डोक्याचाच बडेजाव,
खालचा जबडा पुढे, तोंड आभाळाकडे
पन्हाळीखाली ठेवून विसरलेल्या घागरीसारखं.
मिशा नाहीत. कल्ल्याची झडप उचलली
तर आत इतकी बारीक फणी
की पाण्यातला हिरवा भुगासुद्धा अडकावा.

रोहू. सगळं मापात. तोंड किंचित खाली झुकलेलं,
ओठाला झालर,
धुऊन धुऊन मऊ झालेल्या परकराच्या काठासारखी.

मृगळ लांबोडका, रुपेरी,
खालच्या ओठाचा पत्ताच नाही,
नजर कुठेही असो, तोंड चिखलाकडे.

मग मी बाजूच्या रेघेवरचे खवले मोजले.
बेचाळीस. एक्केचाळीस. त्रेचाळीस.
पुन्हा मोजले. पुन्हा तेच.
एवढ्यापुरते तिघांनी एकमेकांचे कपडे घातले असते
तर आईलाही कळलं नसतं.

‘खवलं काय मोजताय बाई, तोंड बघा,’
सुबराव जाळं झटकत म्हणाला.
‘वरचा वर खातोय, मधला मधी, खालचा गाळात.
भांडान नको म्हणून तोंडं वळवून दिल्यात.
आमाला न्हाई दिली.
आमी चौघं भाऊ, चौघांची तोंडं एका ताटाकडं.’
आणि हनुवटीनं दाखवली ती होडी,
बाभळीला साखळीनं बांधलेली,
साखळीला चार कुलपं.

चौथ्या ओढीला तो आला.

डोकं कटल्याचं व्हायला निघालेलं, वाटेत थांबलेलं.
ओठाला झालर, पण विरलेली.
तोंड वर म्हणावं तर वर नाही,
समोर म्हणावं तर मन होत नाही.
बीजकेंद्राच्या एखाद्या हौदात, घाईच्या रात्री,
मिसळलं असेल काही.
व्हर्नियरचे दोन्ही ओठ मी त्याच्या डोक्यावर मिटले
आणि आकडा वाचायचा विसरले.

सुबरावनं त्याला दोन्ही हातांत धरलं.
इतका वेळ तो मला सांगत होता,
आता विचारलं :
‘ह्यो खातोय कुटं, बाई?’

मला ठाऊक नव्हतं.
पोट फाडलं असतं तर कळलं असतं,
वरचं हिरवं, मधलं काही, की नुसता गाळ.
सुरी पिशवीत होती. पिशवी जवळ होती.
कात्यायनीकडून वारा आला, वहीची पानं उलटली,
मी ती दाबून धरण्यात बराच वेळ घालवला.

‘जाऊ दे. रोहूच्या भावात जातोय,’ तो म्हणाला,
‘लक्ष्मीपुरीत कोण तोंड बघतंय.’
बुट्टीत पडल्यावर
तोही इतरांसारखाच दोनदा उडाला.

सोमवारी मॅडमनी बेरीज केली.
वजनाच्या यादीत तीस मासे, रकान्यांत एकोणतीस.
‘एक?’
‘निसटला,’ मी म्हटलं.

त्यांनी लाल पेननं तीसचे एकोणतीस केले.
समासात मी पेन्सिलीनं एक तोंड काढलं होतं,
ते त्यांच्या आधीच मी खोडलेलं.
दाब जास्त पडला असणार.
पान उजेडात तिरकं धरलं
की अजून उमटतं,
अर्धवट उघडं,
कुठल्या बाजूला ते नीट सांगता येत नाही.